मोठी पाकिटं अडतात

माझ्या आत्याची नक्कल करायची असेल तर आधी दातांत दोन स्क्रू धरावे लागतात. स्क्रू नसतील तर टाचण्या चालतात, पण मग हसायचं नाही. तिचं निम्मं आयुष्य शिडीवर गेलंय. दोन्ही हात वर, दातांत स्क्रू, आणि खाली उभा राहून डोकं खाणारा ग्राहक. त्यामुळे ती जमिनीवर असली तरी बोलणं ओठांच्या एकाच कोपऱ्यातून बाहेर पडतं. "हं. काय बंद आहे. सगळं की थोडं." प्रश्नचिन्ह ती लावत नाही. विचारलं की लोक उत्तर देतात, आणि लोकांची उत्तरं तिला नको असतात.

घरोघरी इंटरनेट जोडणाऱ्या एका कंपनीत ती पंधरा वर्षं लाइनवर आहे. कंपनीत तिला 'शिडी' म्हणतात. बाबा, म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ, म्हणतात की नाव अगदी बरोबर आहे, कुणाच्याही भिंतीला टेकून उभी राहील पण त्या घरात राहणार नाही. स्वतः राहते ती इस्त्रीवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत. खोलीत वायरचे तुकडे रंगांप्रमाणे बरण्यांत भरलेले, एक पंखा, एक खुर्ची. दुसरी खुर्ची का नाही, तर "ठेवली की कुणीतरी येऊन बसतं."

कंपनी ग्राहकांना पाचपैकी तारे द्यायला सांगते. आत्याला बहुतेकांकडून एक मिळतो. तिला त्याचं काही वाटत नाही. "ध्रुवतारासुद्धा एकटाच असतो," म्हणते, आणि पुढच्या घराची बेल अशी दाबते की आतल्या माणसाला आपण काहीतरी चोरलंय असं वाटावं. ग्राहकांबद्दल तिचा सिद्धांत एकच आहे. 'मी कशालाच हात लावला नाही' असं जो दार उघडता उघडता म्हणतो, हात त्यानेच लावलेला असतो.

आता माझी आई. आई परिचारिका आहे आणि तिच्याकडे दोन आवाज आहेत. एक घरचा. दुसरा वॉर्डातला, मधात बुडवलेला: "आजोबा, हलायचं नाही हं, जरासं टोचेल." हा आवाज तिने घरात काढला की समजायचं, सुई मोठी आहे.

ह्या दोघींचं एके काळी इतकं गूळपीठ होतं की बाबांना घरात बोलायला जागा नव्हती. एकाच वयाच्या, अरे-तुरेतल्या, एकमेकींच्या चपला घालून फिरणाऱ्या. मग चार वर्षांपूर्वी सरकारी टेलिफोन कचेरीत एक कायमची जागा निघाली. आत्याने अर्ज केला. अकरा वर्षांच्या अनुभवाचे दाखले, नकाशे, शिफारशी, असं उशीएवढं जाड पाकीट झालं. शेवटच्या दिवशी ती खांबावर होती, तेव्हा वॉर्डात जाता जाता कचेरीच्या पेटीत टाक म्हणून तिने ते आईकडे दिलं. पेटीची फट बोटभर. पाकीट आत जाईना. कचेरीची खिडकी बंद झालेली, आईची पाळी सुरू व्हायला दहा मिनिटं. आईने पाकीट पिशवीत घातलं आणि दुसऱ्या दिवशी नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी ते कुणी घेतलं नाही.

इथवर माफ झालं असतं. पण आईने ते सांगितलं नाही. आत्या नऊ दिवस मुलाखतीच्या पत्राची वाट बघत होती. नवव्या दिवशी तिला आमच्या कपाटात ते पाकीट सापडलं, टॉवेलांच्या खाली. त्यानंतर दोघी बोललेल्या नाहीत. एका खोलीत यावंच लागलं तर मध्ये बाबा असतात. आई बाबांना सांगते, बाबा आत्याला सांगतात, आत्याचं उत्तर त्याच वाटेने परत. बाबा टोमणे गाळून निरोप देतात, म्हणून बरेचसे निरोप पोचतच नाहीत.

आमच्या घरातलं नेट आत्यानेच जोडलेलं, चांगल्या दिवसांत. राउटरवर तिने स्वतःच्या हस्ताक्षरात चिठ्ठी चिकटवली होती: खात्याचं नाव, पासवर्ड, त्याखाली १४९२, आणि त्याखाली 'बदलू नये'. गेल्या आठवड्यात वीज गेली-आली आणि तो राउटर मेला. बाबांनी नवा आणला आणि चिठ्ठी बघून एकेक रकाना भरायला बसले. १४९२ च्या रकान्यापाशी आई मागे उभी होती.

"इथे जास्तीत जास्त किती चालतात," आईने विचारलं.

"पंधराशे लिहिलंय."

"मग आठ कमी का दिलेत आपल्याला."

"तिने लिहिलंय तसं भरतो."

"भरा, भरा. बहीण आहे तुमची, आपल्या वाट्यातलं कापणारच. पंधराशे करा."

बाबांनी पंधराशे केले. घरात शांतता हवी असेल तर आकडा कुठलाही चालतो, असं त्यांचं धोरण आहे.

तीन दिवस कुणाला काही कळलं नाही, कारण गाणी वाजत होती, व्हिडिओ पळत होते. चौथ्या दिवशी आईने तिच्या नोंदणीचं पान उघडलं. आईचं आधीचं इस्पितळ बंद पडल्यावर दीड वर्षाने तिला नवी जागा मिळाली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. अट एकच, परिचारिका म्हणून नोंदणी चालू हवी, आणि नूतनीकरणाचा अर्ज त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत गेला पाहिजे. नाही गेला तर जागा यादीतल्या पुढच्या बाईला. आईने दाखले आठवडाभर जमवले होते आणि अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवला होता, कारण रात्रपाळीची सवय असलेल्या माणसाला सगळं शेवटच्या तासात जमतं असं वाटतं.

दुपारी दोन वाजता पान पांढरं. वरच्या पट्टीत परिचारिकांची नोंदणी करणाऱ्या परिषदेचं नाव उमटायचं, मधलं चक्र फिरत राहायचं, खाली काही नाही. बँकेचं पान तसंच. बातम्या मात्र येत होत्या. आमच्या तळमजल्यावर मोबाइलला रेंज नाही, फोनवर बोलायलासुद्धा जिन्यात जावं लागतं, आणि सगळे दाखले घरच्या जुन्या संगणकात. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने दाराला कुलूप लावून 'लवकरच येतो' अशी पाटी अडकवलेली. ती पाटी मी सहावीत असल्यापासून तिथे आहे.

आई जिन्यात गेली आणि कंपनीला फोन लावला. तिकडची बाई गोड. ती नक्कल मला नाक बंद करून जमते.

"मॅडम, आपलं नेट इथून चालू दिसतंय."

"तुम्हाला दिसतंय. मला पांढरं दिसतंय."

"एखादं गाणं लागतंय का, मॅडम?"

"लागतंय."

"म्हणजे नेट चालू आहे, मॅडम."

"मला गाणं म्हणायचं नाही हो, अर्ज भरायचाय."

"राउटर बंद करून चालू करा, मॅडम."

"चार वेळा केला."

"पाचव्यांदा करून बघा, मॅडम. माणूस पाठवतोय."

माणूस म्हणजे कोण ते आईला माहीत होतं. ह्या भागात कंपनीचा माणूस एकच, आणि तो बाई आहे. आई जिन्यावरून खाली आली आणि एकही शब्द न बोलता केस विंचरून घट्ट अंबाडा घातला, ऑपरेशनला घालते तसा.

साडेचारला बेल वाजली. चोरी पकडल्यासारखी. बाबांनी दार उघडलं.

"कंपनीतून आलेय," आत्या म्हणाली, स्वतःच्या भावाला. शिडी तिने दाराबाहेर भिंतीला टेकवली आणि बूट काढून आत आली. "तक्रार करणारं माणूस कुठाय."

तक्रार करणारं माणूस तीन पावलांवर उभं होतं. "अहो, कंपनीला सांगा," आई बाबांना म्हणाली, "काही साइट उघडतात, काही नाही. आणि आम्ही कशालाच हात लावलेला नाही."

आत्याच्या ओठांचा तो कोपरा किंचित वर गेला. "दादा, ग्राहकांना विचार, सहाची घाई आहे का. कागदावर 'तातडीचं, सहाच्या आत' लिहिलंय."

"घाई आहे," बाबा म्हणाले. "हिची सोमवारची नोकरी अडलीय त्यावर."

"अस्सं," आत्या म्हणाली आणि संगणकासमोर बसली. मग स्वतःशीच, पण स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतक्या स्वतःशी, "अडला हरी."

आई भिंतीला बोलली. "म्हण पूर्ण करा म्हणावं. हरी कोण ते कळलं, पुढे ज्याचे पाय धरतात ते कोण, तेही कळू दे."

बाबांना खोकला आला. माझ्या तोंडात पाणी होतं ते नाकातून आलं. आत्याने मान वळवली नाही, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आमच्या घराण्यात राग आधी कानाला येतो.

पुढची वीस मिनिटं तिने काम केलं आणि खोलीत फक्त बटणांचा आवाज. आधी भिंतीवरच्या जोडणीच्या डबीत येणारी तार तपासली. नंतर नवा राउटर उचलून उलटा केला, खालचं नाव वाचलं आणि विंचू ठेवावा तसा परत ठेवला. पत्त्यांची वही बदलून पाहिली, म्हणजे साइटचं नाव दिल्यावर तिचा ठिकाणा शोधून देणारा भाग. काही फरक नाही. "ठिकाणा सापडतोय," ती म्हणाली. "दारही उघडतंय. दार उघडून माणूस 'बसा' म्हणतो आणि आत जातो तो परत येतच नाही."

"कंपनीला सांगा पाच वाजले," आई म्हणाली.

"ग्राहकांना सांग कंपनीला घड्याळ दिसतं."

मग तिने पडद्यावर हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि परिषदेच्या दिशेने चाचणीची पाकिटं सोडायला लागली, मुद्दाम लहान-मोठी. नेटवर जे काही जातं ते पाकिटं करून जातं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ती पुटपुटत होती, सोनाराने वजनं टाकावीत तशी. "हजार. गेलं. चौदाशे. गेलं. साडेचौदाशे. गेलं. चौदाशे सत्तर." थांबली. "गप्प." पुन्हा मागे. "साठ, गेलं. चौसष्ट, गेलं. पासष्ट." खोलीत सगळे त्या पासष्टची वाट बघत उभे. "गप्प."

तिने खुर्ची मागे सरकवली. "चौदाशे चौसष्ट. वर अठ्ठावीस पाकिटाच्या वेष्टनाचे. किती झाले, दादा."

बाबांनी बोटांवर मोजलं. "चौदाशे ब्याण्णव," ते म्हणाले, आणि तोंड असं झालं की त्यांनाच पासष्ट लागलंय.

आत्याने राउटरचं पान उघडलं. रकान्यात १५०० होते. तिने कीबोर्डवरून हात काढले आणि मांडीवर ठेवले. सव्वापाच.

"हा आकडा कुणी बदलला."

आईने अंबाडा पुन्हा घट्ट केला.

"आकडा कुणी बदलला हे कळल्याशिवाय कंपनी दुरुस्ती करत नाही. नियम आहे."

असा नियम नाही. ते तिलाही माहीत होतं, बाबांनाही. आईला तर वॉर्डातला माणूस खोटं कधी बोलतो ते नाडीवरून कळतं. पण पान उघडं होतं, आकडा समोर होता, आणि बोटं आत्याची होती.

"मी बदलला," बाबा म्हणाले.

"तू स्वतःच्या बुद्धीने शर्टाचं बटण बदलत नाहीस, दादा. कुणी."

आईने तिच्या वॉर्डाच्या आवाजाला हात घातला. "अहो, कंपनीला सांगा, आधी काम—"

"पाच वीस," आत्या म्हणाली. हात मांडीवरच.

मला खरंच वाटलं, ती करणार नाही. सहा वाजेपर्यंत अशीच बसेल, मग उठेल, कागदावर 'ग्राहकाची चूक' लिहील आणि शिडी घेऊन निघून जाईल. चार वर्षं ह्या खुर्चीची वाट बघितल्यासारखी ती बसली होती. बाबांनी हात पुढे केला, स्वतःच आकडा टाकायला. आत्याने त्या हातावर पट्टी मारावी तसं बघितलं आणि तो मागे गेला.

"मी सांगितलं बदलायला," आई म्हणाली. घरच्या आवाजात, बाबांकडे न बघता. "पंधराशे बसत होते. तू ब्याण्णव लिहिलेस. मला वाटलं आमच्यातले आठ खाल्लेस."

'तू' म्हणाली. चार वर्षांनी. बाबा एकदम रिकामे झाले, स्टँडवर बस न आलेल्या माणसासारखे.

"आठ मी खाल्ले नाहीत," आत्या म्हणाली. "आठ कंपनीचा शिक्का खातो. प्रत्येक पाकिटावर तो मारावाच लागतो. म्हणून आपलं पाकीट ब्याण्णवचं करायचं, शिक्क्यासकट पंधराशे होतं. तू तिकडे सांगून ठेवलंस की आमच्याकडे पूर्ण पंधराशेची फट आहे, धाडा. ते धाडतात. ते मावत नाही."

"मग गाणी कशी येतात."

"मोठ्या दुकानांना ग्राहकांची अक्कल माहीत असते. ती आधीच लहान पाकिटं करतात. तुझी परिषद, तुझी बँक, ती तुझ्यावर विश्वास ठेवतात." तिने 'विश्वास' हा शब्द कोपऱ्यातून असा काढला की स्क्रू पडल्याचा आवाज यावा. "आणि मावत नाही यात गुन्हा काही नाही. पाकीट मोठं असतं, फट लहान असते, होतं. वाटेत ज्याच्याकडे ते अडलं त्याने एवढंच करायचं असतं, मागे निरोप धाडायचा. मावलं नाही. तुमचं पाकीट माझ्याकडे पडलंय. मग माणूस दुसरी सोय करतो. लहान करतो, दोन करतो, स्वतः धावत येतो. पण वाटेतला जर तोंड मिटून बसला, तर पलीकडचा काय करणार. तो बसतो वाट बघत. त्याला वाटतं पोचलं."

बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर भिंत आहे.

"नाही सांगितलं मी," आई म्हणाली. आवाज चढला होता. "भ्याले. तुझ्या तोंडाला अख्खी वस्ती भिते, मी भ्याले तर काय झालं. रोज सकाळी ठरवायचे आज सांगते, आणि तू दारात यायचीस, पत्र आलं का विचारायचीस, नवे बूट घेऊन ठेवले होतेस त्या नोकरीसाठी. कसं सांगणार होते मी."

"तोंडाने."

"तेच म्हणतेय, नाही सांगितलं."

"मग आज कशी नाही भ्यालीस."

"आज घाई आहे," आई म्हणाली.

 आत्याने खुर्ची पुढे ओढली, पंधराशे खोडले, चौदाशे ब्याण्णव टाकले आणि बटण दाबलं. राउटरचे दिवे विझले. ते पुन्हा लागायला दोन मिनिटं लागतात.  पाच सदतीसला पान उघडलं. परिषदेचं चिन्ह, खाली निळी पट्टी, खाली रकानेच रकाने. इतकं कुरूप पान मी आनंदाने कधी बघितलं नव्हतं.

"उठ," आई म्हणाली.

"बस तू बाजूला. तुझा हा संगणक कासव आहे, मी चढवते दाखले. सांग कुठला."

"तो नाही, तो रेशनचा कागद आहे. पदवीचा. खालचा. अगं खालचा."

"नावं धड देत जा फायलींना. 'नवीन', 'नवीन दोन', 'नवीन खरा'. हे काय आहे."

"तुला काय करायचंय. 'नवीन खरा' घे."

दोघी एका खुर्चीवर अर्ध्या-अर्ध्या बसल्या होत्या आणि एकमेकींना कोपराने ढकलत होत्या. पाच बावन्नला अर्ज गेला. पान फिरलं आणि 'अर्ज मिळाला' असं आलं. आई उठायला लागली. आत्याने तिचा पदर धरून खाली बसवलं.

"पोचपावती."

"आलंय की, मिळाला म्हणून."

"ते तोंडी झालं. क्रमांक असलेली पावती उतरवून घे. तोवर मी काही पोचलं असं मानत नाही."

पावती उतरली. पाच सत्तावन्न. आईने क्रमांक दोनदा वाचला, एकदा पडद्यावर, एकदा कागदावर, आणि मग तोंडावरून पदर फिरवला. घाम होता, असं ती नंतर म्हणाली.

तक्रार बंद करायला ग्राहकाच्या फोनवर चार आकडे येतात, ते आत्याने स्वतःच्या फोनात टाकायचे असतात. आमच्या घरात रेंज नाही, तेव्हा दोघी जिन्यात गेल्या. बाबा सवयीने मागोमाग उठले, पण दारापर्यंत जाऊन परत आले आणि खुर्चीत बसले. त्यांना काय करावं ते सुचेना. टीव्ही लावला, आवाज बंद ठेवून. आम्ही दोघं ऐकत होतो.

"सात, शून्य, तीन, सहा."

"हं. कारणाच्या रकान्यात काय लिहू."

"काय ते लिही."

"'ग्राहकाने चुकीचा आकडा टाकला.'"

"'आणि सांगितलं' असं लिही."

"'विचारल्यावर सांगितलं.'"

"स्वतःहून सांगितलं मी."

"पाच मिनिटं दातखीळ बसली होती. विचारल्यावर."

"'विचारल्यावर' खोड."

"खोडत नाही. रकाना लहान आहे, एवढंच मावतं."

मग शिडी उचलल्याचा आवाज आला, ती कठड्याला आपटल्याचा आवाज आला, आणि आईचा, रंग आत्ताच दिलाय, डोळे आहेत का. खालच्या पायरीवरून आत्याने विचारलं, तारे किती देणार. आई म्हणाली, "एक." वर ती तशीच उभी राहिली, शिडी फाटकाबाहेर जाईपर्यंत. आत आली तेव्हा बाबांनी विचारलं, काय म्हणाली. आई म्हणाली, तुम्हाला काय करायचंय, आणि सोमवारचा गणवेश इस्त्रीला काढायला कपाट उघडलं.